अवर्षणाच्या मुलखातील नागवेल

निजामशाहीतील सरदार सलाबतखानाने १५८२ च्या सुमारास बांधविलेल्या बीडच्या खजाना विहिरीचे पाणी भूमिगत कालव्यांतून, मोटेवाचून, केवळ उताराने रानात पोहोचत असे. परंतु जेथे असा खजिना नव्हता, तेथे दमट हवेला सोकावलेली नागवेल जगविणाऱ्या पानमळेकऱ्याची सारी मदार मोटेवर आणि शेवरी-हादग्याच्या दाट सावलीवर असे. वैशाखात पानांच्या कडा तांबूस होऊन करपू लागल्या, की जाणता मळेकरी पाणी वाढविण्याआधी वाऱ्याच्या अंगाचे कुंपण न्याहाळी. कारण मुळाशी पाणी तुंबले तर वेल कुजते, आणि कोरडी झळ पान शोषीतच राहते. जमाबंदीच्या दप्तराला त्याची बागायत तेवढी दिसे, ही नजर नव्हे. उतरणीच्या वेळी तो जुनी वेल खाली ओढून तिचे वेटोळे मातीत पुरी आणि शेंडा लव्हाळ्याने पुन्हा शेवरीला बांधी.