भातुकली, वस्तू आणि क्रियापदे

अमरावतीजवळच्या भातकुली या तालुक्याच्या गावाचे नाव बाहेरगावची मंडळी पुष्कळदा ‘भातुकली’ असे वाचतात. दोन शब्दांचा परस्परसंबंध नाही. काही अभ्यासक भातकुलीचे नाते प्राचीन भोजकटाशी, म्हणजे रुक्मिणीच्या भावाने वसवलेल्या नगराशी जोडतात. भातुकलीचे नाते मात्र स्वयंपाकघराशी आहे. जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे मुलांना द्यावयाचा खाऊ, आणि त्या खाऊभोवती मांडलेला लुटुपुटीचा संसार म्हणजे भातुकली. तरीही वाचणाऱ्याची ही चूक आम्हाला उपयोगी वाटते. घरातली वस्तू आणि तिला हाताळणारे पात्र यांच्या नात्याचा इतिहास शोधायचा तर वऱ्हाडाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याचे निमित्त संगणकावरच्या खेळाचे आहे. ‘द सिम्स’ हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला. त्याचा कर्ता विल राइट याचे कॅलिफोर्नियातील घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळाले होते. संसार पुन्हा उभा करताना कोणती वस्तू आधी घ्यावी आणि का घ्यावी, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला व त्यातून या खेळाची कल्पना आकारली, असे तो सांगत आला आहे. घडणीच्या काळात या खेळाला ‘बाहुलीघर’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाई. बाहुल्यांचा खेळ कोण विकत घेणार, अशी शंका तेव्हा व्यक्त झाली. पुढे दोन वर्षांत तो वैयक्तिक संगणकावरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला.

साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट त्याच्या रचनेत आहे. या खेळातील पात्राला भूक, आराम, स्वच्छता, नैसर्गिक विधी, झोप, करमणूक, सोबत आणि नेटकी खोली अशा आठ गरजा असतात. पण त्या कशा भागवाव्यात हे पात्राला ठाऊक नसते. ते ज्ञान वस्तूंमध्ये साठवलेले असते. शीतकपाट भोवतालच्या पात्रांना जणू हाक देते, ‘माझ्यापाशी भूक भागेल’. पलंग झोपेची हाक देतो, दूरदर्शन संच करमणुकीची. पात्राची त्या क्षणीची निकड आणि वस्तूचे अंतर यांचा हिशेब होऊन ते कोठे जाणार हे ठरते. घरात नवी वस्तू आणली की तिच्यासोबत तिची वागणूकही येते. पात्रांना वेगळे शिकवावे लागत नाही. थोडक्यात, येथे क्रियापद पात्राजवळ नसून वस्तूजवळ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन याने १९७० च्या दशकात मांडलेला ‘अफोर्डन्स’ हा विचार याच जातीचा. वस्तू आपल्याला काय करू देते हे आपण तिच्याकडे पाहतानाच जाणतो, असे त्याचे म्हणणे होते.

हा विचार आपल्याला नवा वाटावा का? रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’चे संकलन केले ते येथे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही येथेच सुरू झाले आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू हे रिद्धपूरचे. त्यांच्या चरित्रातील लीळा वाचताना प्रथम जाणवते ती वस्तूंची दाटी. गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरतात, रांधलेले मागतात, मुलांच्या खेळात मिसळतात, दगडाधोंड्यांशी बोलतात. गावकऱ्यांना ते वेडे वाटतात आणि देवही वाटतात. प्रपंचाला जखडलेल्या माणसाला वस्तू तिच्या नेमक्या उपयोगापुरतीच दिसते. गोविंदप्रभूंना ती खेळापुरती दिसते. वस्तूची रूढ हाक न ऐकता तिच्याशी भलतेच नाते जोडणारे असे पात्र मराठी गद्याच्या उंबरठ्यावरच उभे असावे, ही आम्हाला महत्त्वाची गोष्ट वाटते.

भातुकली नेमके हेच करते. तांब्यापितळेची चिमुकली भांडी, सावंतवाडीची लाकडी रंगीत खेळणी ही तिची श्रीमंत रूपे. वऱ्हाडातल्या बहुसंख्य घरांत मात्र खापराचा तुकडा हा तवा होई, पळसाचे पान हे ताट, ओली माती हे पीठ आणि बाभळीच्या शेंगा ही भाजी. वस्तू नसतानाही क्रिया शिल्लक राही. मूल खापरावर भाकर ‘टाकते’, ‘उलटते’, ‘शेकते’. तीनही क्रियापदे अचूक असतात, फक्त भाकर नसते. संगणकाच्या घरात वस्तूवाचून क्रिया संभवत नाही, आणि वस्तूला किंमत असते. महाग पलंगावर विश्रांती लवकर मिळते. भातुकलीत कोणतीही वस्तू कोणतीही वस्तू होऊ शकते. त्यामुळे या दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

तरीही वस्तू माणसाला वागायला लावते हे आपल्या लोकपरंपरेने फार पूर्वी ओळखले होते. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामे जाते फिरवू नये, कात्री उगाच वाजवू नये, उंबरठ्यावर बसू नये, केरसुणीला पाय लावू नये. या निषेधांकडे अंधश्रद्धा म्हणून पाहता येते आणि तसे पाहण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. परंतु त्यांच्या तळाशी एक निरीक्षण आहे. हाताशी आलेली वस्तू हलवावीशी वाटते. पाळणा हात मागतो. निषेध जन्मतो तो त्या हाकेला उत्तर म्हणून.

जात्याची हाक तर गाण्याची होती. दळायला बसलेल्या बाईच्या तोंडी ओवी येई ती जात्याच्या फेऱ्याबरोबर. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. हा ठेवा एका अर्थी जात्याने बोलवून घेतलेला आहे. गावोगाव पिठाची गिरणी आली, बाईचे पहाटेचे कष्ट वाचले, आणि त्याचबरोबर ओवीचे स्थान गेले. कष्ट परत यावेत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वस्तू गेली की तिच्यासोबत भाषेचा केवढा प्रदेश जातो, हे येथे दिसते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून भातुकलीचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल. सूप, पाटा, चूल यांनी हाक दिली ती घरातल्या सर्वांना नव्हे. ती मुलीलाच ऐकू यावी अशी व्यवस्था होती. भातुकली ही त्या व्यवस्थेची पहिली इयत्ता. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे मुली जी गाणी म्हणतात त्यांत सासरचे घर, तिथली कामे आणि तिथला जाच येतो तो यामुळेच. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध करून पुरुषांना थेट जाब विचारला. ‘द सिम्स’मध्ये शीतकपाट स्त्रीला आणि पुरुषाला सारखीच हाक देते. ही समता कृत्रिम जगातली असली तरी तिची नोंद घ्यावी लागते.

आम्हा मराठीच्या अध्यापकांपुढचा प्रश्न यातून उभा राहतो. जुना उतारा शिकवताना आपण टीपेत लिहितो, ‘सूप : धान्य पाखडण्याचे साधन’. विद्यार्थी नाम पाठ करतो. ‘पाखडणे’, ‘घोळणे’, ‘सडणे’, ‘कांडणे’, ‘निवडणे’ यांतला फरक हातांना ठाऊक असतो, टीपेला नसतो. सुपाचा झटका कोणत्या दिशेने बसतो, कोंडा कोठे उडतो आणि दाणा कोठे राहतो, हे कळल्याखेरीज ‘पाखडणे’ या क्रियापदाचे लाक्षणिक अर्थही पोचत नाहीत. कादंबरीतील बाई सूप हाती घेते तेव्हा ती काय करू शकते आणि काय करण्याचे नाकारते, यातूनच तिचे व्यक्तिचित्र घडते. वाचकाला सुपाची हाक ऐकूच येत नसेल तर तिचा नकारही त्याला ऐकू येणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पाठ्यपुस्तकांच्या टीपांत वस्तूंच्या नावांबरोबर त्यांची क्रियापदे द्यावीत. गंज, गडवा, कोपर, उतरंड, बाज अशा वऱ्हाडी घरातल्या शब्दांची यादी करताना त्या वस्तूचे काय काय करतात हे विचारून घ्यावे. सांगणाऱ्या आज्या अजून गावोगाव आहेत. संगणकाच्या खेळात वस्तूवर बोट ठेवताच तिच्या सर्व क्रियांची यादी समोर येते. रिद्धपूरची भाषा बोलणाऱ्या प्रदेशाने आपल्या घरातल्या वस्तूंसाठी तेवढीही यादी करू नये, हे काही बरे नव्हे.