विद्यमान खासदाराचा पराभव : औरंगाबाद मतदारसंघ, २०१९

अमेरिकेत १९१२ साली अध्यक्ष टाफ्ट पुन्हा निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतंत्रपणे रिंगणात उतरले. परिणामी विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर अध्यक्ष झाले व विद्यमान अध्यक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेले. औरंगाबादच्या २०१९ मधील लोकसभा निवडणुकीचा अर्थ बहुधा याच धर्तीवर लावला जातो. तो अर्थ कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

चंद्रकांत खैरे हे १९९९ पासून सलग चार वेळा निवडून आले होते. २०१९ मध्ये त्यांना ३,८४,५५० मते मिळाली, तर विजयी इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२. अंतर अवघे ४,४९२ मतांचे. शिवसेनेचे कन्नडचे माजी आमदार हर्षवर्धन जाधव यांनी मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०१८ मध्ये आमदारकीचा राजीनामा दिला होता. अपक्ष म्हणून त्यांनी २,८३,७९८ मते मिळविली. शहरातील पाणी व कचरा यांवरील असंतोष होताच. तेव्हा ‘जाधवांनी मते फोडली’ हे रूढ स्पष्टीकरण सकृद्दर्शनी पुरेसे वाटते.

परंतु २०१४ मध्ये खैरे यांना ५ लाख २० हजारांहून अधिक मते होती. म्हणजे त्यांची घट सुमारे १ लाख ३६ हजारांची. ही सर्व मते जाधवांकडे गेली असे मानले (आणि मतदान गुप्त असल्याने हे केवळ मानणेच होय), तरी जाधवांची निम्म्याहून अधिक मते अन्यत्र शोधावी लागतात. काँग्रेसला २०१४ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मते होती. २०१९ मध्ये ती लाखाच्या आत आली. नव्या मतदारांची भर जमेस धरूनही, खरी पडझड येथे दिसते. जलील यांच्या मागे एमआयएम व वंचित बहुजन आघाडी यांची युती होती. तिची मोठी सभा २ ऑक्टोबर २०१८ रोजी याच शहरातील जबिंदा मैदानावर झाली होती. विल्सनपाशी जुना पक्ष होता. येथे नवी जुळणी होती.

२०२४ चा निकाल या अनुमानास बळ देतो. तोवर शिवसेनाच दुभंगली होती. फूट हेच मुख्य कारण असते, तर जलील यांना ही निवडणूक सोपी जावयास हवी होती. पण वंचितने आपला वेगळा उमेदवार दिला, जलील ३,४१,४८० मतांवर आले, आणि शिंदे गटाचे संदिपान भुमरे ४,७६,१३० मते मिळवून विजयी झाले. खैरे तिसरे राहिले.