कोवळी भाषा आणि जोखमीचा हिशेब

१ एप्रिल १९५७ हा दिवस बेळगाव-निपाणीकडील व्यापाऱ्यांस साधा गेला नसावा. पाचच महिन्यांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. सरकारी कागदाची भाषा पालटू लागली होती, तोच नाण्याचीही भाषा पालटली. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै हा पिढ्यान्‌पिढ्यांचा पाठ मागे पडून १०० नवे पैसे आले.

एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा पाव पैसा कोणाच्या पदरात टाकावयाचा? कोष्टकाने एका आण्यास ६, दोन आण्यांस १२ आणि तीन आण्यांस १९ असे आकडे ठरविले. म्हणजे तीन आण्यांचा माल एकदम घेतला तर १९ पैसे. आणा-आणा करून तीनदा घेतला तर १८! वर्गात मुले या हिशेबाला हसतात. पण तंबाखूच्या पेढीवर दिवसभर किरकोळ रकमा रोजकीर्दीत मांडणाऱ्या कारकुनास हसू येणे कठीणच. दशमान पद्धती जुनीहून सोपी होती, यात शंका नाही. जोखीम होती ती दोहोंच्या सांध्यात. जुनी नाणी काही काळ सोबतीने चालली आणि 'नवा' हे विशेषण १९६४ पर्यंत पैशास चिकटून राहिले.

हे आठवण्यास कारण घडले ते संगणकाच्या जगात. केवळ जमा-नावेच्या व्यवहारांसाठी रचलेल्या 'टायगरबीटल' या माहितीसंचयाचे काम २०२० साली सुरू झाले, आणि कर्त्यांनी त्यासाठी 'झिग' ही भाषा निवडली. अँड्र्यू केली यांनी २०१६ साली जगापुढे ठेवलेली ही भाषा तेव्हा स्थिरावलीही नव्हती. नवी आवृत्ती निघाली की जुने लेखन दुरुस्त करणे आले. बँकांच्या कामात मुरलेली कोबोल १९५९-६० सालची. तीही एके काळी कोवळीच होती, हे मात्र विसरू नये.

झिगमध्ये संगणकाच्या स्मृतीवर लिहिणाऱ्याचा पूर्ण ताबा राहतो. म्हणून ही प्रणाली लागेल तेवढी स्मृती आरंभीच राखून ठेवते, मध्येच मागत नाही. वर्षारंभी वहीची पाने मोजून घ्यावीत तसे. तरीही कर्ते भाषेच्या भरवशावर निजले नाहीत. तबकडी बिघडली, निरोप हरवला, यंत्र मध्येच बंद पडले, असे नाना बिघाड ते मुद्दाम घडवितात आणि हिशेब जुळतो की नाही ते पाहतात. हे मला पटते. भाषा जाणणारी माणसे थोडी, ही अडचण मात्र त्याने सुटत नाही.

१९५७ साली बेळगावच्या दुकानदारास अशी रंगीत तालीम कोठून मिळणार? त्याची परीक्षा गल्ल्यावरच झाली, गिऱ्हाईक समोर उभे असताना.