दगडातली नाणी

नवापूर स्टेशनावर एक बाकडे आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. सुरत-भुसावळ मार्गाने पोटापाण्यासाठी सुरतेला आलेल्या आम्हा खानदेशी माणसांना त्या बाकड्याचे कौतुक कधी वाटले नाही, कारण आमची घरेच तशी आहेत. माजघरात मराठी, ओट्यावर गुजराती. मी १९७९ साली नंदुरबारहून आलो तो लूमवर काम करायला. आता नात गुजराती माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "आबा, आपण लुटारू होतो का?"

वर्गातली मैत्रीण तिला म्हणाली होती, तुमच्या शिवाजीने आमची सुरत लुटली. वाद नव्हता, भांडण नव्हते. पण पोरीच्या मनात "तुमच्या" आणि "आमची" हे दोन शब्द रुतून बसले होते. तिचा जन्म सुरतेचा. मग सुरत कोणाची?

उत्तर घरात बसून देण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी चौकबाजारातल्या किल्ल्यात गेलो.

तापीच्या काठावरचा हा किल्ला सोळाव्या शतकाच्या मध्याला, सुलतान तिसऱ्या महमूदच्या काळात खुदावंदखानाने बांधला. समुद्रातून येणाऱ्या पोर्तुगीजांच्या धाडींपासून शहर राखावे, हा हेतू. महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालयाची दालने मांडली आहेत. आम्ही दालने पाहिली आणि बुरुजावर येऊन बसलो. तिथे मी तिला जे सांगितले ते असे.

१६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला. शहराभोवती धड तट नव्हता. विटांचा तट त्या लुटीनंतर झाला. खानाने बोलणी करायला माणूस पाठवला, त्याने महाराजांवरच कट्यार उगारली. चार दिवस लूट चालली, आगी लागल्या, शहराचा मोठा भाग जळाला. वीरजी व्होरा हा त्या काळचा नामांकित धनाढ्य. त्याचा वाडा लुटला गेला. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडेनच्या हाताखाली आपली वखार राखली, डचांनीही राखली.

"म्हणजे खरेच लुटली," नात म्हणाली.

"खरेच लुटली. दोनदा. दुसऱ्यांदा १६७० च्या ऑक्टोबरात."

इथे मला माझी नंदुरबारची शाळा आठवली. सुरतेच्या लुटीचा धडा आला की आम्ही बाके वाजवायचो. जळालेल्या घरातल्या माणसांचा विचार त्या वाजवण्यात नव्हता. सुरतेत चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहिल्यावर, शेजारच्या गुजराती घरातून सणासुदीला ताट आल्यावर, बाके वाजवणे जड जाते. पण मान खाली घालणेही खरे नाही. शाहिस्तेखान १६६० पासून तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता, त्याच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केला होता. सुरत ही मोगली साम्राज्याची तिजोरी. पश्चिम किनाऱ्यावरचे त्याचे सर्वांत मोठे बंदर, हाजला जाणाऱ्या जहाजांचे ठिकाण. घाव त्या तिजोरीवर होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. आणि बर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने हेही लिहून ठेवले आहे की महाराजांनी कापुचिन पाद्र्यांच्या मठाला धक्का लावला नाही आणि डच कंपनीच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो दानधर्मी होता म्हणून, सोडले. लुटीतही निवड होती. तरी ज्याचे घर गेले त्याचे गेलेच. हे दोन्ही सांगायचे, एकाने दुसरे झाकायचे नाही.

पोरगी ऐकत होती, पण तिचे समाधान झाले नव्हते. "तुमच्या" आणि "आमची" तसेच होते.

तिथून आम्ही हजीऱ्याची वाट धरली. त्या बाजूच्या एका गावात माझे परिचित, निवृत्त गुजराती शिक्षक राहतात. त्यांच्या पडवीत दोन काचेची कपाटे आहेत. गावातली मुले त्यालाच संग्रहालय म्हणतात. किनाऱ्यावर सापडलेली खापरे, जुने खिळे, अकीक, शंख-शिंपले आणि वर्षानुवर्षे गोळा केलेले दगड.

"साहेब, हिला काहीतरी जुने दाखवा," मी म्हणालो.

"केटलुं जूनुं?" ते हसले, आणि त्यांनी तिच्या तळहातावर एक चपटा, गोल खडा ठेवला. चार आण्याच्या नाण्याएवढा. नात म्हणाली, "नाणे आहे?"

नाव तेच आहे. त्याला न्युम्युलाइट म्हणतात, आणि लॅटिन भाषेत त्याचा अर्थ लहान नाणे. पण ते कोणत्या टांकसाळीतले नाही. उथळ, उबदार समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवाचे ते कवच. पाचएक कोटी वर्षांपूर्वी सुरत-भरूचच्या पट्ट्यात समुद्र होता, आणि तडकेश्वरच्या बाजूच्या चुनखडीत ही कवचे खच्चून भरली आहेत. इजिप्तच्या पिरॅमिडांचे दगडही अशाच कवचांचे. तिथले लोक ती मजुरांच्या उरलेल्या मसुरीची दगड झालेली दाणे समजत, असे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीकाने नोंदवले.

साहेबांनी मग पुढचे सांगितले. सुरत जिल्ह्यातल्याच वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे मिळाली. घोडे आणि गेंडे ज्या कुळातले, त्या कुळाच्या अगदी जवळचा एक प्राणी त्यांत होता. त्याला खंबातच्या नावावरून कॅम्बेथेरियम म्हणतात. तिथल्याच राळेत अडकलेले किडे २०१० साली जगापुढे आले. आणि या सगळ्याच्या खाली काय आहे? काळा कातळ. सह्याद्रीचा, सातपुड्याचा, आमच्या नंदुरबारच्या डोंगरांचा तोच लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो गुजरातेत येऊन गाळाखाली जातो. मध्ये कोठे नाके नाही.

उन्हे कलली तशी आम्ही सुवालीच्या किनाऱ्यावर गेलो. तापीच्या मुखात गाळ साचे, म्हणून मोठी जहाजे इथे नांगर टाकत. १६१२ च्या नोव्हेंबरात इथेच कॅप्टन बेस्टच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीजांना हटवले आणि सुरतेत इंग्रजांचे बस्तान बसले. १६१५ मध्ये टॉमस रो जहांगीराच्या दरबारी जायला इथेच उतरला. सुरत राखणारा ऑक्झेंडेनही परत गेला नाही. १६६९ मध्ये वारला, सुरतेतच पुरला आहे. हजीरा म्हणजेच मकबरा. बडोद्यात कुतुबुद्दीनखानाच्या मकबऱ्याला आजही हजीरा म्हणतात.

आता मागे कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. समुद्रातून नळाने गॅस येतो. ज्या क्षेत्रातून तो येऊ लागला त्याचे नाव बसीन, म्हणजे चिमाजीअप्पांची वसई. तो गॅस साठला आहे तोही जुन्या समुद्राच्या चुनखडीत.

भरती ओसरली होती. पायाखाली चिखल. नात म्हणाली, "आबा, इथे दगड का नाहीत?"

"हा सगळा गाळ. तापीने आणलेला."

"कुठून?"

"मुलताईहून निघते. मग बऱ्हाणपूर, भुसावळ, आपला खानदेश. सातशे चोवीस किलोमीटर. १९७२ मध्ये उकाईचे धरण झाले, तेव्हापासून बराचसा गाळ तिथेच अडतो. पण हा जुना."

ती वाकली, मूठभर चिखल उचलला आणि बराच वेळ पाहत राहिली. "म्हणजे नंदुरबारची माती इथे आपल्याआधी आली."

मी काहीच बोललो नाही. इतकी वर्षे सुरतेत राहून हे मला सुचले नव्हते.

परतताना साहेबांनी दिलेले दगडी नाणे तिच्या मुठीत होते. सुट्टी संपल्यावर ते ती शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी विचारले, तर कळले की मैत्रिणीने ते एका दिवसासाठी घरी नेले आहे, आजोबांना दाखवायला.

"आणि लुटीचे काय सांगितलेस?"

"सगळे सांगितले. जळालेली घरेसुद्धा." मग थोडे थांबून म्हणाली, "तिचे आजोबा म्हणाले, आपण सगळे एकदा किल्ल्यात जाऊ."