राष्ट्रगीतप्रसंगी खेळाडूंचा निषेध (युनायटेड किंग्डम)

सामन्यापूर्वी किंवा पदकप्रदानाच्या वेळी राष्ट्रगीत वाजत असताना ते न गाणे, ध्वजाकडे तोंड न करणे, गुडघा टेकणे अशा कृतींतून खेळाडूने नोंदवलेला विरोध. अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने २०१६ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकल्यापासून हा विषय जगभर गाजला. ब्रिटनमध्ये मात्र त्याचे मूळ वेगळे आणि जुने आहे. तेथे एका राज्यात चार राष्ट्रे नांदतात. ‘गॉड सेव्ह द किंग’ हे राष्ट्रगीत कोणत्याही कायद्याने नव्हे, तर परंपरेने ठरलेले आहे. शिवाय इंग्लंडचा फुटबॉल संघ तेच स्वतःचे म्हणून गातो. त्यामुळे अनेक स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश खेळाडूंना ते आपले वाटत नाही.

या परंपरेतील सर्वांत धीट कृती ध्वजाशी निगडित आहे. सबंध आयर्लंड ब्रिटिश अमलाखाली असताना, १९०६ मध्ये अथेन्सच्या क्रीडास्पर्धेत पीटर ओकॉनर याची नोंद त्याच्या मनाविरुद्ध ब्रिटिश खेळाडू म्हणून झाली. लांब उडीत त्याला रौप्यपदक मिळाले. पदकप्रसंगी तो थेट ध्वजस्तंभावर चढला आणि त्याने आयर्लंडचा हिरवा झेंडा फडकवला. खाली त्याचा सहकारी कॉन लीही स्तंभाची राखण करत उभा होता.

याच्या अगदी उलट प्रसंग १४ मे १९३८ चा. बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये जर्मन राष्ट्रगीत वाजत असताना इंग्लंडच्या फुटबॉलपटूंनी वरिष्ठांच्या सांगण्यावरून नाझी पद्धतीचा सलाम केला. सामना त्यांनी ६-३ असा जिंकला, पण लोकांच्या स्मरणात राहिले ते सलामाचे छायाचित्र. खेळाडूला नकाराचा हक्क का हवा, हे त्या छायाचित्राइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ग्रेट ब्रिटनचा संयुक्त फुटबॉल संघ उतरला तेव्हा प्रश्न ऐरणीवर आला. पुरुष संघाचा वेल्श कर्णधार रायन गिग्ज आणि क्रेग बेलामी राष्ट्रगीताच्या वेळी ओठ मिटून उभे राहिले. महिला संघातील स्कॉटिश खेळाडू किम लिटल हिनेही ते गायले नाही. वृत्तपत्रांतून टीका झाली. ती अनाठायी होती. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ मध्येच म्हटले होते, की आदराने उभे राहून राष्ट्रगीत न गाणे हा अवमान नव्हे. त्या कसोटीवर या खेळाडूंचे काहीच चुकले नव्हते.

डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीत वाढलेल्या फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीनची बाजू अधिक कठीण होती. ३० जानेवारी १९७२ रोजी, ‘रक्तरंजित रविवारी’, ब्रिटिश सैनिकांनी त्याच्या शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. त्या दिवशी १३ जण मारले गेले, एकाचा पुढे मृत्यू झाला. मृतांपैकी कित्येक क्रेगनचेच होते. सैनिकांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरमध्ये जर्सीवर लावले जाणारे खसखशीचे लाल फूल मॅक्लीनने २०१२ पासून नाकारले. केवळ दोन महायुद्धांतील मृतांसाठी ते असते तर आपण लावले असते, असे त्याने २०१४ मध्ये आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवले. जुलै २०१५ मध्ये त्याचा नवा संघ वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन अमेरिकेतील चार्ल्स्टन येथे खेळत होता. सामन्यापूर्वी ‘गॉड सेव्ह द क्वीन’ सुरू झाले. सहकारी इंग्लंडच्या ध्वजाकडे तोंड करून उभे होते. मॅक्लीन त्याच रांगेत, पण मान खाली घालून विरुद्ध दिशेला तोंड करून उभा होता. त्यावरून गदारोळ उठला आणि पुढेही अनेक वर्षे मैदानांवर त्याला शिवीगाळ सोसावी लागली.

अमेरिकन पद्धतीचा निषेध लंडनने पाहिला तो २४ सप्टेंबर २०१७ रोजी. वेम्बलीवर बाल्टिमोर रेव्हन्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या अमेरिकन फुटबॉल संघांच्या सामन्याआधी दोन्ही संघांच्या अनेक खेळाडूंनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताला गुडघे टेकले. बाकीचे एकमेकांच्या हातांत हात गुंफून उभे राहिले. दोनच दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना काढून टाकण्याची भाषा केली होती. ब्रिटिश राष्ट्रगीत सुरू होताच गुडघे टेकलेले सगळे उठून उभे राहिले. त्यांचे भांडण आपल्या देशाशी होते.

इंग्लिश फुटबॉलने गुडघा टेकणे स्वीकारले ते राष्ट्रगीतापासून वेगळे काढून. १७ जून २०२० रोजी व्हिला पार्कवर ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या खेळाडूंनी सामना सुरू होताच गुडघा टेकला. राष्ट्रीय संघही राष्ट्रगीत उभ्याने म्हणून झाल्यावर मगच गुडघा टेकू लागला. तरीही जून २०२१ मध्ये मिडल्सब्रो येथे स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी या कृतीला दिखाऊ राजकारण म्हटले. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला, तेव्हा हा निषेध पोकळ नव्हता हे सर्वांना दिसले. २०२२-२३ च्या हंगामापासून प्रीमियर लीगच्या संघांनी ही प्रथा मोजक्या सामन्यांपुरती ठेवली. जुलै २०२५ मध्ये आपली खेळाडू जेस कार्टर हिला समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्यानंतर इंग्लंडच्या महिला संघाने, केवळ गुडघा टेकणे पुरेसे नाही असे सांगून, युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यापूर्वी उभे राहणे पसंत केले.