बेली गारद

लखनऊत एक दिवस मोकळा मिळाला. मोठा इमामबाडा तासाभरात उरकला, बाकी वेळ रेसिडेन्सीत. भिंतींवर १८५७च्या तोफगोळ्यांच्या खुणा अजून तशाच आहेत. जखमी हेन्री लॉरेन्स ४ जुलैला इथेच गेला; पहिली कुमक पोचली २५ सप्टेंबरला.

वेढा घालणाऱ्यांत कंपनीचेच बंडखोर शिपाई होते. आणि आत? बेली गारद हा दरवाजा लढवत होते १३व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई, तेही हिंदुस्थानीच. गाइडने त्यांना ‘गद्दार’ म्हटलं आणि तो पुढे सरकला. मला तसं सरकता येईना. ‘नाम, नमक, निशान’ आम्हीही जवानांना शिकवतोच की! फक्त आमचं मीठ आणि माती एकच आहे, त्यांचं नव्हतं.

त्यांच्या लेफ्टनंट एटकेनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपाई त्या पदकाला १९११पर्यंत पात्रच नव्हता.