बोरीबंदरचे मोर

मुंबईस बोरीबंदरावर उतरणाऱ्या वऱ्हाडी माणसाला गाडीतून सामान उतरविण्याची घाई असते. इमारतीकडे पाहतो कोण? पण एकदा तिकिटांच्या दालनात उभे राहून मान वर करून पाहावे. टोकदार कमानी, दगडी फासळ्या, निळ्या छतावर सोनेरी तारे! क्षणभर आपण कुठल्याशा प्रार्थनामंदिरात आहोत असे वाटते, आणि तेवढ्यात मागचा माणूस ढकलतो.

हा भास खोटा नव्हे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने 1878 साली हे काम हाती घेतले, आणि ते पुरे व्हावयास दहा वर्षे लागली. युरोपातल्या कॅथीड्रलांची गॉथिक घडण त्याने चक्क आगगाडीच्या सेवेला लावली. आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या वास्तूला 2004 साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

मला मात्र तिथल्या नक्षीचे कौतुक अधिक. 1857 साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा त्या कामात मोठा हात होता. त्यांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स. याच गुरूने 1872 पासून आपल्या शिष्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवून घेतल्या होत्या. मग नवल ते काय, की परक्या कमानींच्या अंगाखांद्यावर मोर आणि माकडे येऊन बसली!

हे सारे आठवायचे कारण माझी भाची. स्थापत्याच्या परीक्षेसाठी तिला ग्रंथालयाचा आराखडा करायचा होता, आणि जागा तिने निवडली आमचे रिद्धपूर. 2023 साली येथे मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाल्यापासून आमच्याकडे पोराटोरांनाही इमारतींची स्वप्ने पडतात. तिने काढले होते ते थेट कॅथीड्रल.

"मामा, हे आपल्या गावात परके दिसेल का हो?"

"कमान दिसणार नाही," मी म्हटले, "खिडकी दिसेल."

कॅथीड्रलात छताचा भार फासळ्यांवरून मोजक्या खांबांवर उतरतो. भिंत मोकळी होते, तिथे काचा बसतात. तिकडे उजेडाचा दुष्काळ. आमच्या वैशाखात त्याच काचांमागे वाचक भाजून निघेल! स्टीव्हन्सनेही मुंबईचे ऊन ओळखून कमानीदार सज्जे ठेवलेच की. भाचीने खिडक्यांपुढे खोल ओवऱ्या काढल्या; कमानी तशाच ठेवल्या.

आणि रिद्धपूर म्हणजे काही कोरी जागा नव्हे. श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'तल्या आठवणी तेराव्या शतकात येथेच जुळविल्या. नारायण व्यास बहाळिये यांनी तर या गावावरच 'ऋद्धिपूरवर्णन' रचले. महानुभावांची 'स्थानपोथी' उघडावी: कोणते देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, स्वामी बसले ती जागा कोठे, हे साध्या गद्यात नोंदलेले. कागदावर रेघ न ओढता केलेला तो नकाशाच आहे. देवळे पडली, तरी नुसत्या शब्दांवरून जाणकार आजही त्यांच्या जागा शोधीत हिंडतात.